न्हावा-शेवाचा पहारा आणि तुमची प्रयोगवही



पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावरून तुम्ही कधी गेला असाल, तर कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरची रांग तुम्ही नक्कीच पाहिली असेल. लाल, निळ्या, तपकिरी रंगाच्या या लोखंडी पेट्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून देशभर जातात आणि देशभरातून तेथे येतात. हे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. आज तेथे वर्षाला 60 लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा होते. (ही मोजणी वीस फुटी कंटेनर हे एकक धरून करतात. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे दोन एकके.)

आता थोडे गणित करू. 60 लाखांना 365 ने भागा. दिवसाला सुमारे 16,400 आले. त्याला 24 ने आणि मग 60 ने भागा. म्हणजे दर मिनिटाला सुमारे 11 कंटेनर! एक कंटेनर उघडून, सगळा माल उतरवून, तपासून पुन्हा भरायला काही तास लागतात. मग प्रत्येक कंटेनर उघडून पाहायचे म्हटले, तर बंदर एका दिवसात ठप्प होईल. आणि काहीच पाहायचे नाही म्हटले, तर काय काय देशात शिरेल याचा नेम नाही.

या पेचातून वाट काढणारी माणसे म्हणजे केंद्र सरकारच्या तपास आणि अंमलबजावणी खात्यांतले अधिकारी. तुमच्यापैकी अनेकांना असे अधिकारी व्हावेसे वाटते. वर्गात विचारले की काही हात हमखास वर होतात. "सर, त्यासाठी आतापासून काय करायचे?" हा प्रश्नही येतो. बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असते: व्यायाम करायचा, धावायचे, सामान्यज्ञानाची पुस्तके पाठ करायची. हे सारे लागतेच. पण या कामाचा खरा पाया निराळा आहे. तो तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तो कसा, ते पाहू.

केंद्रीय म्हणजे कोण?

आपल्या राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय आहे. नवी मुंबईचे पोलीस महाराष्ट्र शासनाचे. परंतु काही कामे एका राज्यात मावत नाहीत. ती केंद्राची खाती करतात. केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, 1 एप्रिल 1963 रोजी स्थापन झाला. तस्करीचा माग काढणारे महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय, 1957 सालचे. अमली पदार्थांविरुद्ध काम करणारा नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो 1986 मध्ये आला. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे एनआयए, निर्माण झाली. बंदरावरील आयात-निर्यातीवर लक्ष ठेवते ते सीमाशुल्क खाते, म्हणजे आपण ज्याला कस्टम म्हणतो ते. आणि बंदराचे रक्षण करते ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल. नवी मुंबईच्या मुलामुलींना यांतली निदान दोन खाती घरापासून तासाभराच्या अंतरावर दिसतात.

न उघडता आत पाहणे

कंटेनर न उघडता आत पाहायचे कसे? दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तसेच, क्ष-किरणांनी. पण छातीचा फोटो काढणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा सुमारे एक लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. मालाने ठासून भरलेल्या पोलादी पेटीपुढे ते हात टेकतात. तेथे साठ ते नव्वद लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण लागतात. त्यासाठी रेषीय त्वरक नावाचे यंत्र वापरतात. त्यात इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन जड धातूच्या लक्ष्यावर आदळवतात, आणि त्यातून हे भेदक क्ष-किरण निघतात. आपल्या खारघरमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. मालवाहू पेट्या तपासण्यासाठी लागणाऱ्या अशा त्वरकांवर तेथे काम झाले आहे.

या ऊर्जेच्या किरणांची तीव्रता निम्मी करायला सुमारे 3 सेंटिमीटर पोलाद लागते. मग 6 सेंटिमीटर पोलादातून किती उरेल? एक चतुर्थांश. 9 सेंटिमीटरमधून एक अष्टमांश. आणि 30 सेंटिमीटरमधून? दहा वेळा निम्मे करा. 1024 मधला एक भाग उरतो. पलीकडचे संवेदनशील शोधक एवढा उरलेला भागही टिपतात आणि संगणक त्यावरून चित्र तयार करतो.

अशी यंत्रे आलटून पालटून दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरणही सोडू शकतात. कार्बन, ऑक्सिजन यांसारखी हलकी मूलद्रव्ये आणि लोखंडासारखी जड मूलद्रव्ये या दोन ऊर्जांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. दोन्ही मोजमापांची तुलना केली की आतला पदार्थ धातूचा आहे, की लाकूड, फळे, प्लास्टिक अशा जातीचा आहे, याचा अंदाज येतो.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे यंत्र "आत चोरटा माल आहे" असे कधीच सांगत नाही. ते फक्त एवढेच सांगते की या जागी किरण इतके अडले. कागदावर "फरशा" लिहिल्या आहेत आणि चित्रात पोकळी दिसते आहे, हा विरोध माणसाला दिसावा लागतो. यंत्र मोजते, अर्थ माणूस लावतो.

आणि तस्करही भौतिकी जाणतात! ऑगस्ट 2020 मध्ये न्हावा-शेवाला आयुर्वेदिक औषधाच्या नावाखाली आलेल्या मालात 191 किलो हेरॉइन सापडले. ते बांबूसारख्या दिसाव्यात म्हणून रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत भरलेले होते. सप्टेंबर 2022 मध्ये 20 टनांहून अधिक ज्येष्ठमधाचा एक कंटेनर पकडला गेला. त्यात हेरॉइनची पुडी कोठेच नव्हती. ज्येष्ठमधाच्या मुळ्यांवरच त्याचा लेप दिलेला होता. पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या हिरव्या सफरचंदांच्या खोक्यांत सुमारे 50 किलो कोकेन मिळाले. लेप दिलेली मुळी आणि साधी मुळी क्ष-किरणांना जवळजवळ सारखीच. अशा वेळी उपयोगी पडते ती आधी मिळालेली खबर, कागदपत्रांतली विसंगती आणि शेवटी रसायनशास्त्र.

रंग बदलला म्हणजे सिद्ध झाले का?

संशयित पदार्थ सापडला की अधिकारी जागेवरच एक छोटी रंगपरीक्षा करतात. रसायनाचा थेंब टाकला की रंग बदलतो. पण तुम्हाला लिटमसचा प्रयोग आठवतो ना? निळा लिटमस लाल झाला म्हणजे द्रव आम्लधर्मी आहे, एवढेच कळले. ते लिंबू आहे, चिंच आहे की गंधकाम्ल, हे लिटमस सांगत नाही. रंगपरीक्षाही तशीच आहे. ती संशय बळकट करते, सिद्ध करत नाही. म्हणून नमुना प्रयोगशाळेत जातो. तेथे मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाच्या रेणूची ओळख पटवली जाते. न्हावा-शेवाच्या कस्टम हाऊसला स्वतःची प्रयोगशाळा आहे. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे.

दोन ग्रॅमची किंमत

आता तुमच्या पुस्तकातला एक साधा धडा घेऊ: मोजमापातील त्रुटी. अमली पदार्थांचा कायदा 1985 सालचा. त्यात हेरॉइनसाठी एक सीमारेषा आहे: 250 ग्रॅम. माल त्याहून अधिक असेल तर ती "व्यापारी मात्रा" ठरते आणि शिक्षा किमान 10 वर्षे, कमाल 20 वर्षे सक्तमजुरी. त्याहून कमी, पण 5 ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर कमाल 10 वर्षे. किमान काहीच नाही.

समजा, काट्याने 251 ग्रॅम दाखवले. पण काटा रिकामा असतानाही 2 ग्रॅम दाखवत होता. तुम्ही याला शून्य त्रुटी म्हणता आणि परीक्षेत त्यासाठी एक गुण मिळतो. खरे वजन किती? 249 ग्रॅम. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातली कित्येक वर्षे या दोन ग्रॅमवर लटकत आहेत. काटा आधी शून्यावर आहे का, हे पाहिले होते का? पाहिले असेल तर लिहून ठेवले होते का? पिशवीसह वजन केले की पिशवीशिवाय? न्यायालयात बचावाचे वकील हेच विचारतात, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे.

एवढेच नव्हे, तर काय मोजायचे यावरही वाद झाला. पुडीत हेरॉइनबरोबर दुसरी भुकटी मिसळलेली असेल तर वजन कशाचे धरायचे? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, फक्त अमली पदार्थाचे. 2020 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि सांगितले, सगळ्या मिश्रणाचे. "आपण नेमके काय मोजतो आहोत?" हा प्रश्न जसा प्रयोगशाळेत पहिला, तसाच न्यायालयातही पहिला.

पंचनामा म्हणजे प्रयोगवहीच

तुमच्या प्रयोगवहीत काय असते? उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षणे, अनुमान. आता पंचनामा घ्या. कोठे, कधी, कोणासमक्ष, काय सापडले, किती, कशा स्थितीत, कसे मोजले, कसे मोहोरबंद केले. दोन्हींचा सांगाडा एकच आहे. दोन्ही जागच्या जागी लिहायची असतात. घरी जाऊन आठवून लिहायची नसतात. खाडाखोड लपवायची नसते. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची.

जप्त केलेल्या मुद्देमालाची मोहोरबंद पाकिटे एका हातातून दुसऱ्या हातात जातात: अधिकाऱ्याकडून मुद्देमालाच्या कोठीत, तेथून प्रयोगशाळेत, तेथून न्यायालयात. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि सही लागते. साखळीची एक कडी निसटली तर "हाच तो नमुना कशावरून?" असा प्रश्न उभा राहतो, आणि खरा गुन्हेगारही सुटू शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे, तसेच सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक वैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद आली. हे दुसरे कलम राज्ये टप्प्याटप्प्याने लागू करत आहेत. म्हणजे यापुढे या खात्यांना विज्ञान जाणणारी माणसे अधिकच लागणार.

आता एक अवघड गोष्ट बोलू. बहिर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराचा प्रयोग तुम्ही केला असेल. भिंगाच्या पाकिटावर 10 सेंटिमीटर लिहिलेले असते. तुमचे उत्तर 11.2 येते. शेजारच्याचे "बरोबर" 10 आले आहे. मग हळूच खोडरबर बाहेर निघतो, दोन आकडे बदलतात आणि वहीत 10 येते. वर्गातल्या चाळीस वह्यांत चाळीसही उत्तरे 10! असे वर्ग सगळीकडे आहेत, आणि शिक्षकांनाही ते कळते. गुण जाऊ नयेत म्हणून मुले असे करतात. कोणाचे काही बिघडत नाही, असे वाटते.

काय बिघडते ते अमेरिकेत दिसले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेत एक रसायनतज्ज्ञ अमली पदार्थांचे नमुने तपासत असे. तिचे काम इतरांपेक्षा फारच झपाट्याने होई. 2012 मध्ये उघडकीस आले की कित्येक नमुने न तपासताच, नुसते पाहून, ती अहवाल लिहीत होती. 2013 मध्ये तिला शिक्षा झाली. पण तिच्या सहीवर ज्यांना शिक्षा झाली होती त्यांचे काय? त्यांतले खरे दोषी कोण आणि निर्दोष कोण, हे आता कोणालाच सांगता येईना. 2017 मध्ये तेथील न्यायालयाने एकवीस हजारांहून अधिक खटले रद्द केले. यंत्रे उत्तम होती. रसायनशास्त्र चुकले नव्हते. वहीतली नोंद खोटी होती.

आपल्याकडचा धडा याहूनही कडू आहे. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे, शस्त्रे आणि आरडीएक्स ही स्फोटके उतरवली गेली. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि 257 माणसे मेली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. 2006 आणि 2007 मध्ये विशेष न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवले, आणि त्यांत किनाऱ्याचा पहारा ज्यांच्याकडे होता असे कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते. उत्तमोत्तम यंत्र बंदरावर उभे केले, तरी त्यामागचा माणूस विकला गेला तर ते यंत्र आंधळेच. म्हणून खरे तेच लिहिण्याची सवय ही या नोकरीची पहिली पात्रता आहे, आणि ती भरतीनंतरच्या प्रशिक्षणात एका वर्षात लागत नाही. ती चौदाव्या-पंधराव्या वर्षीच लागते.

आता तयारीचे

यापुढची माहिती थोडक्यात देतो. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

दहावीनंतर: केंद्रीय दलांतील शिपायांची भरती कर्मचारी निवड आयोग करतो. दहावी उत्तीर्ण आणि 18 ते 23 वर्षे वय ही सर्वसाधारण अट. मुलांना 5 किलोमीटर 24 मिनिटांत, मुलींना 1600 मीटर साडेआठ मिनिटांत धावावे लागते. एनसीसीचे प्रमाणपत्र असेल तर या भरतीत जादा गुण मिळतात.

पदवीनंतर: कस्टममधील प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर व एक्झामिनर आणि सीबीआय, एनआयए यांतील उपनिरीक्षक ही पदे याच आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून भरतात. शाखा कोणतीही चालते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय पोलीस सेवा आणि महसूल सेवा मिळते.

विज्ञानाची आवड असेल तर: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. बारावी विज्ञाननंतर तेथे पदवी घेता येते. रसायनशास्त्र, भौतिकी, जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेऊनही प्रयोगशाळांची दारे उघडतात.

डोळ्यांची तपासणी आताच करून घ्या. रंगांधळेपणा असेल तर काही पदे मिळत नाहीत, पण प्रयोगशाळेतील, हिशेबाची किंवा संगणकाची अनेक कामे उरतात. मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीत नेमके, साधे लिहायला शिका. पंचनाम्यात अलंकार नकोत. आणि गुप्तहेर बनून कोणाचा पाठलाग करणे, दुसऱ्याचा मोबाइल उघडणे असले उद्योग करू नका. तो अभ्यास नव्हे, गुन्हा आहे.

करून पाहा

1. बंद डबा. सारख्या आकाराचे तीन झाकणाचे डबे घ्या. मित्राला एकात वाळू, एकात कापूस, एकात चार गोट्या भरायला सांगा. डबा न उघडता वजन करा, तिरपा करा, उतारावरून घरंगळू द्या. वहीत तीन रकाने करा: "पाहिले", "मोजले", "अनुमान". अनुमानाचे वाक्य पहिल्या दोन रकान्यांत शिरू देऊ नका. हे वाटते त्याहून कठीण आहे.

2. निम्मा उजेड. अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोर एकेक कोरा कागद धरत जा. किती कागदांनंतर उजेड दिसेनासा होतो? पाच जणांकडून स्वतंत्रपणे मोजून घ्या. आकडे वेगळे येतील. ते तसेच लिहा आणि फरक का पडला याची चर्चा करा.

3. मुद्देमालाची साखळी. एक बंद पाकीट आठवडाभर वर्गातील पाच जणांकडून फिरवा. प्रत्येकाने घेताना आणि देताना तारीख, वेळ, सही करायची. आठवड्याच्या शेवटी बाकीच्या वर्गाने वकील होऊन नोंदवहीतली फट शोधायची.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या प्रयोगाच्या तासाला पाकिटावरचे उत्तर झाकून ठेवा, आणि ज्या वहीत उत्तर थोडे चुकले आहे पण निरीक्षणे खरी आहेत, त्या वहीला पूर्ण गुण द्या. 11.2 का आले, हे त्या मुलाने शोधून काढले तर एक गुण जास्त द्या. पट्टीचे शून्य टोक झिजले होते, की पडद्यावरची प्रतिमा पुरती स्पष्ट नव्हती, हे शोधणे हाच त्याचा पहिला तपास.